वीरगळाची ओळख

मराठी शाळेत शिकलेले मूल परमुलखात बावरेल, ही पालकांची धास्ती जुनीच आहे. बोम्मसंद्र्यात शिकणारा मराठी विद्यार्थी रविवारी निघतो, तो २०२५ साली सुरू झालेल्या पिवळ्या मार्गिकेच्या मेट्रोने. दोनदा गाडी बदलून कब्बन पार्कला उतरतो. जवळच १८६५ साली स्थापन झालेले शासकीय संग्रहालय आहे. तेथील आतकूरच्या शिळेवर राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा तक्कोलमचा विजय कोरला आहे, आणि रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ नामक श्वानाचे स्मरणही. लिपी त्यास अनोळखी. परंतु अशा शिळेचे कन्नड नाव ‘वीरगल्लु’ ऐकताच गावच्या देवळापुढील वीरगळ त्याला आठवतो. परभाषेत आपला शब्द भेटतो, तो स्वभाषा पक्की असलेल्यालाच. हे देणे शाळेचे.