जाणारी गाडी आणि येणारी गाडी



स्नेहसंमेलनातील प्रमुख पाहुण्याच्या भाषणाची अवस्था लग्नातल्या मंगलाष्टकांसारखी असते; ती म्हटल्यावाचून अक्षता पडत नाहीत म्हणून मंडळी ती सोशिकपणे ऐकून घेतात, परंतु सर्वांचे चित्त पंगतीकडे लागलेले असते. मागच्या पडद्याआडून मघापासून मिशा चिकटवण्याच्या डिंकाचा वास येत आहे आणि कोणाची तरी तलवार हरवल्याची कुजबुजही माझ्या कानी आली आहे, तेव्हा आपली पंगत कोठे मांडली आहे हे मी ओळखून आहे. तरीही आपल्या नाट्यमंडळाच्या चिटणिसांनी निमंत्रण देताना जी कामगिरी माझ्यावर सोपवली, ती पार पाडल्यावाचून मला खाली बसता येत नाही. गेल्या वर्षी एका एकांकिका स्पर्धेत आपल्या फौजी प्रहसनावर परीक्षकांनी ‘विनोद भरपूर, कथानक नाही’ असा शेरा मारला आणि तो मंडळींच्या मनाला लागून राहिला आहे. विनोदाला कथानक लागते कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल आहे.

या सवालाचा जबाब मी एका चित्रपटाच्या साक्षीने देणार आहे. ‘द जनरल’ हे त्याचे नाव ऐकून कोणा सेनापतीचे चरित्र आपल्या डोळ्यांपुढे येईल. पण हा जनरल म्हणजे एक वाफेचे इंजिन आहे. बस्टर कीटन या अमेरिकन विनोदवीराने क्लाइड ब्रुकमन याच्या साह्याने १९२६ साली हा मूकपट दिग्दर्शित केला आणि नायकाची भूमिकाही स्वतःच वठवली. माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. कोळशाच्या फावड्याने त्यांच्या तळहातांना पडलेले घट्टे मी लहानपणी बोटांनी चाचपून पाहत असे. त्यामुळे एका फिल्म सोसायटीच्या खेळात, वाद्यांची साथ नसलेल्या अंधारात, प्रोजेक्टरच्या नुसत्या खरखरीवर मी हा चित्रपट प्रथम पाहिला, तेव्हा हसायचे विसरून बराच वेळ इंजिनाकडेच पाहत राहिलो, हे कबूल करतो.

गोष्टीचे मूळ इतिहासात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, १२ एप्रिल १८६२ रोजी, उत्तरेच्या फौजेसाठी काम करणाऱ्या जेम्स अँड्रूज नावाच्या हेराने काही साथीदारांसह, साध्या वेषात, दक्षिणेच्या मुलखातील बिग शँटी या स्थानकावर, उतारू आणि नोकरमंडळी न्याहारीला उतरली असता, ‘जनरल’ इंजिन तीन डब्यांसह पळवले आणि उत्तरेची वाट धरली. वाटेतले पूल जाळावे, तारा तोडाव्या, रूळ उखडावे आणि चॅटानूगा शहराची रसद बंद पाडावी, अशी त्याची मसलत होती. गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर हा आधी पायी, मग हाताने ढकलायच्या ट्रॉलीवर, मग मिळेल त्या इंजिनावर आणि शेवटी ‘टेक्सस’ नावाच्या इंजिनावर उलट्या तोंडाने पाठलाग करीत राहिला. सुमारे ८७ मैलांनंतर ‘जनरल’चे बळ सरले, हेर रानात पांगले आणि पकडले गेले. अँड्रूजसह आठ जणांना फाशी झाली.

म्हणजे इतिहासाच्या दप्तरातून कीटनच्या हाती आला तो एक एकेरी प्रवास आणि त्याच्या टोकाला लोंबणारा फासाचा दोर. १९५६ साली डिस्नेने हीच हकीकत अँड्रूजच्या बाजूने पडद्यावर आणली, तेव्हा तिचा एक सभ्य आणि गंभीर साहसपट झाला. हसू त्यात येणार कोठून? कीटनने मात्र इतिहासात दोन फेरफार केले. एक तर चोरांची कथा त्याने ज्याचे इंजिन चोरीस गेले त्याची केली. आणि दुसरे असे की, इतिहासात जी गाडी नुसती गेली, ती त्याने परत आणली.

पहिल्या फेरफाराविषयी माझी एक तक्रार आहे, ती आताच नोंदवून ठेवतो. हरलेल्या पक्षाला खलनायक केलेले प्रेक्षकांना रुचत नाही, असे कारण देऊन कीटनने नायक दक्षिणेचा केला. पण ज्या गुलामगिरीपायी ते युद्ध पेटले तिचा मागमूसही चित्रपटात नाही, आणि ज्यांच्या राबण्यावर ती दक्षिण उभी होती ती माणसे चौकटीत जवळजवळ दिसतच नाहीत. रचनेचे कौतुक करताना ही उणीव झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता कथानकाकडे वळू. जॉनी ग्रे हा इंजिनचालक. त्याची प्रेमे दोन: एक इंजिन आणि दुसरी ॲनाबेल ली. युद्धाची वार्ता येताच ॲनाबेलचे वडील आणि भाऊ भरतीला निघतात. हाही धावत जाऊन रांगेत पहिला उभा राहतो. कारकून नाव विचारतो, धंदा विचारतो, आणि त्याचा अर्ज नामंजूर होतो. कारण असे की, लढण्यापेक्षा इंजिन चालवण्यातच त्याचा दक्षिणेला अधिक उपयोग आहे. परंतु हे कारण त्याला कोणी सांगतच नाही! सरकारी कचेरीत ज्याने कधी अर्ज केला आहे त्याला या प्रसंगाची टिप्पणी समजावून सांगायला नको. इकडे ॲनाबेलचा समज होतो की हा भ्याला, आणि गणवेश चढवल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस, असे ती त्याला बजावते.

तो खिन्न होऊन इंजिनापाशी येतो आणि चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर बसतो. इंजिन हलू लागते. दांड्याबरोबर तोही सावकाश वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. विचारात इतका गढलेला, की आपण हलतो आहोत हे त्याच्या ध्यानीही येत नाही, आणि ते ध्यानात येते त्याच क्षणी शेडचा काळोख त्याला गिळतो. रुळावर चाक जागच्या जागी एकदा जरी गरगरले असते, तरी त्या दांड्यावरचा माणूस वाचला नसता. घरी आल्यावर मी हे दृश्य वडिलांना वर्णन करून सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘रेग्युलेटरवर कोण होता?’ जाणत्याचा प्रश्न तो, कारण इंजिनाची वाफ त्या रेग्युलेटरच्याच हाती! हा दांडा आपण सर्वांनी लक्षात ठेवावा. कीटन त्याच्याकडे अखेरीस परत येणार आहे.

वर्ष उलटते. हेर ‘जनरल’ पळवतात, आणि नकळत त्याच गाडीत सापडलेली ॲनाबेलही त्यांच्याबरोबर जाते. जॉनी धावतो, ‘टेक्सस’ इंजिन मिळवतो, सैनिकांनी भरलेला उघडा डबा मागे जोडला आहे अशा समजुतीने वाफ सोडतो. डबा जोडलेलाच नसतो. झाले, एकटा निघाला! या जाणाऱ्या गाडीवर संकटांची जी मालिका सुरू होते, तीत एक तोफ आहे. वाटेत मागे जोडून घेतलेल्या दुसऱ्या डब्यावरच्या त्या तोफेत तो प्रथम चिमूटभर दारू घालतो, तर गोळा टपकन त्याच्याच पुढ्यात येऊन पडतो. दुसऱ्या वेळी डबाभर दारू ओततो, तर धक्क्याने तोफेचे तोंड हळूहळू खाली झुकून थेट त्याच्यावर रोखले जाते. पाय साखळीत अडकलेला, वात पेटलेली, हातात फेकायला एक लाकूड. तेवढ्यात रूळ वळण घेतो, इंजिन बाजूला सरकते, आणि गोळा नेमका शत्रूच्या गाडीपाशी जाऊन फुटतो. यात नायकाचे कर्तृत्व शून्य आहे. आणि शत्रूला मात्र वाटते की मागून पलटणच्या पलटण येते आहे.

पुढे तो पाठमोरा होऊन सरपणासाठी लाकडे फोडत असतो, आणि त्याच्या पाठीमागे दक्षिणेची सेना माघार घेत निघून जाते, उत्तरेची सेना पुढे सरकते, मुलूख पालटतो, आणि याची कुऱ्हाड चालूच. युद्धाविषयी इतके मार्मिक भाष्य एका चौकटीत मी क्वचितच पाहिले आहे. कीटन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये साधा शिपाई म्हणून जाऊन आला होता आणि तेथून कान अधू करून परतला होता, हे येथे आठवते.

आता मधला प्रसंग. आपल्या नाट्यशास्त्राने कथानकाचे पाच संधी सांगितले आहेत, मुखापासून निर्वहणापर्यंत. आणि रेल्वेत जेथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या ठिकाणाला आपण सांधा म्हणतो. हे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत, ही गोष्ट मला या चित्रपटाने उमगली. रात्र आहे, पाऊस आहे. भुकेलेला जॉनी एका घरात शिरतो, ते शत्रूच्या अधिकाऱ्यांचे ठाणे निघते, आणि तो जेवणाच्या टेबलाखाली दडतो. वर खलबत चालू आहे. एकाच्या चिरुटाने टेबलावरच्या कापडाला भोक पडते. त्या भोकातून जॉनी पाहतो, तो बंदी म्हणून आणलेली ॲनाबेल समोर उभी! रुपयाएवढ्या त्या भोकात प्रेयसीचा चेहरा दिसतो आणि त्याच टेबलाखाली शत्रूच्या चढाईचा संपूर्ण बेत त्याला ऐकू येतो. येथे सांधा बदलतो. इथवर तो केवळ आपल्या मालमत्तेमागे धावणारा एक माणूस होता. आता त्याला मुलगी सोडवायची आहे, इंजिन परत न्यायचे आहे आणि खबर पोचवायची आहे, आणि तिन्हींचा रूळ एकच आहे.

तो शत्रूचा गणवेश चोरतो, ॲनाबेलला पोत्यात घालून सामानासारखी डब्यात चढवतो, आणि ‘जनरल’ घेऊन दक्षिणेला सुटतो. आता ‘जनरल’वर तो आहे आणि ‘टेक्सस’वर शत्रू. जाताना हेरांनी त्याच्या वाटेत ओंडके टाकले होते. परतताना तो त्यांच्या वाटेत टाकतो. जाताना त्यांनी जळता डबा पुलात सोडला होता. परतताना तो पूलच पेटवतो. पहिल्या भागात जी जी वस्तू त्याच्या नावावर उधार मांडली गेली, ती ती दुसऱ्या भागात व्याजासह वसूल होते, आणि प्रेक्षक हसतो तो या वसुलीला. नवा विनोद ऐकून माणूस एकदा हसतो. ओळखीचा विनोद दुसऱ्या बाजूने येताना दिसला की तो पोचण्यापूर्वीच हसू लागतो. आपल्या प्रहसनात गेल्या वर्षी चाळीस विनोद होते, असे मला सांगण्यात आले. मित्रहो, त्यांतले किती परत आले?

गोदातीरीच्या पार्थपुरात राहणाऱ्या सूर्यदास पंडिताने सोळाव्या शतकात एक विलोमकाव्य रचले. सुलट वाचावे तर रामकथा, उलट वाचावे तर कृष्णकथा. कीटनचा खटाटोप त्याच जातीचा. पण पंडिताला अक्षर हलवण्याची मुभा नव्हती, कीटनला होती. त्याची परतीची वाट रागाच्या अवरोहासारखी आहे: स्वर तेच, चाल मात्र वेगळी, कारण आता इंजिनात ॲनाबेल आहे. मागून शत्रू येतो आहे आणि ही बाई इंजिनाची फरशी झाडते आहे! लाकडे आण म्हटले, तर भोक पडलेले लाकूड नापसंत म्हणून बाहेर फेकते. वैतागून तो एक काडीएवढी ढलपी तिच्या हाती देतो. ती निमूटपणे भट्टीत टाकते. तो क्षणभर तिचा गळा धरून हलवतो आणि लगेच तिचे चुंबन घेतो. संसाराचे इतके संक्षिप्त चित्र फार थोड्या कादंबऱ्यांत सापडेल.

पेटलेल्या पुलापाशी शत्रूचा सेनापती पूल अजून भक्कम आहे असे ठरवून गाडीला हुकूम देतो, आणि अख्खे इंजिन नदीत कोसळते. हे खेळण्यातले इंजिन नव्हे. ओरेगन प्रांतातील कॉटेज ग्रोव्ह गावानजीक खरा पूल उभारून, त्यावर खरे इंजिन घालून हे दृश्य टिपले गेले. दुसऱ्यांदा टिपण्याची सोयच नव्हती. मूकपटांच्या काळातील सर्वांत खर्चिक दृश्य म्हणून ते गणले जाते, आणि ते धूड दुसऱ्या महायुद्धापर्यंत नदीत गंजत पडले होते. पण माझ्या लक्षात राहिला तो त्यानंतर दिसणारा सेनापतीचा चेहरा. हुकूम दिल्यावर आता काय करावे, याचा कोणताही शिरस्ता त्याच्याजवळ नव्हता.

एवढे करूनही चित्रपट धंद्यात पडला, आणि दोन वर्षांच्या आत कीटनला आपले स्वातंत्र्य सोडून मोठ्या कंपनीची चाकरी पत्करावी लागली. १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतनासाठी पहिले पंचवीस चित्रपट निवडले, त्यांत ‘द जनरल’ होता. कीटन त्याच्या तेवीस वर्षे आधीच वारला होता.

चिटणीस घड्याळाकडे पाहू लागले आहेत आणि आतली तलवारही बहुधा सापडली असावी, तेव्हा शेवट सांगतो आणि बसतो. जॉनीची खबर वेळेवर पोचते आणि दक्षिण लढाई जिंकते. दक्षिणेचा सेनापती जॉनीच्या अंगावरचा उसना गणवेश आधी उतरवायला लावतो आणि मग त्याला लेफ्टनंटचा गणवेश बहाल करतो. भरतीचा कारकून पुन्हा तोच प्रश्न विचारतो, धंदा काय? या वेळी तो सांगतो, शिपाई. ॲनाबेलला घेऊन तो इंजिनापाशी येतो, आणि दोघे त्याच दांड्यावर बसतात. तो चुंबनासाठी वाकतो, तोच एक सैनिक जवळून जाताना सलाम ठोकतो. अधिकाऱ्याला सलामाचा स्वीकार करणे भाग. पुन्हा वाकतो, पुन्हा सलाम. मग छावणीतून सैनिकांची रांगच्या रांग येताना दिसते. तो शांतपणे उठतो, ॲनाबेलच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो, म्हणजे उजवा हात मोकळा राहील. आणि चुंबन न थांबवता, वर न पाहता, तो हात यंत्रासारखा वरखाली करीत राहतो. दांडा मात्र या खेपेस जागचा हलत नाही.