मरळ : आटत्या नदीतला चिवट मासा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली, ते दिवस आपल्याला आठवत असतील. मांजरा धरण कोरडे पडले होते, नदीत जागोजाग नुसती डबकी उरली होती. अशा वर्षी नदीतले बहुतेक मासे तडफडून मरतात. पण गोदावरी-मांजरेच्या पाण्यात एक मासा असा आहे, की तो इतक्या लवकर हार मानत नाही. तो म्हणजे मरळ.

लांबट गोल अंग, सापासारखे चपटे डोके आणि तोंडभर तीक्ष्ण दात, ही मरळीची ओळख. आपल्याकडच्या पट्टेरी मरळीचे शास्त्रीय वर्णन जर्मन वैद्य ब्लॉख याने १७९३ मध्ये केले; तिचे आजचे शास्त्रीय नाव ‘चन्ना स्ट्रिआटा’. तिची मोठी बहीण फूलमरळ. तिच्या शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा काळा ठिपका असतो. दोघीही पक्क्या शिकारी. बेडूक, झिंगे, लहान मासे, जे समोर येईल ते गिळतात. वेळप्रसंगी स्वतःच्या जातीची पिलेही सोडत नाहीत. म्हणून शेततळ्यात मरळ पाळायची तर लहान-मोठी पिले वेळोवेळी वेगळी करावी लागतात.

मरळीच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते. तिच्या आतल्या त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मरळ पाण्यावर येऊन तोंडाने हवा घेते आणि तिच्यातला प्राणवायू या पोकळीत शोषून घेते. उन्हाळ्यात तापलेल्या, गढूळ पाण्यात प्राणवायू उरत नाही, तेव्हा ही सोय कामी येते. डबके आटले तर ती ओल्या गाळात शिरून बसते. अंग आणि ही पोकळी ओली राहिली, तर तशी बराच काळ जगते. मात्र वर येण्याची वाट जाळ्याने अडवली, तर हाच मासा पाण्यात गुदमरून मरतो. बाजारात मरळ घमेल्यात जिवंत मिळते, तीही या हवेवरच्या श्वासामुळेच.

पावसाळ्यात नदीनाले भरले, की मरळ उथळ काठाशी येते. जोडी पाणगवत बाजूला सारून जागा मोकळी करते आणि तिथे पिवळसर, तरंगणारी अंडी घालते. एक-दोन दिवसांत पिले बाहेर पडतात. ती तांबूस रंगाची पिले एकत्र घोळक्याने फिरतात. त्यांच्याखाली आईबाप पहारा देतात, त्यातही नर अधिक. जवळ येईल त्याच्यावर तो धावून जातो.

मांजरा पुढे कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. तिथे, तेलंगणात, मरळीला ‘कोर्रमीनू’ म्हणतात आणि तो राज्याचा मासा आहे. हैदराबादेत मृग नक्षत्राच्या सुमारास दम्याचे औषध म्हणून मरळीचे जिवंत पिलू गिळायला देतात. त्या उपचाराला वैद्यकीय पुरावा नाही, गर्दी मात्र मोठी असते. उलट अमेरिकेने २००२ मध्ये या कुळातले जिवंत मासे आणायलाच बंदी केली. तिथल्या नद्यांत हा परका शिकारी स्थानिक मासे फस्त करील, ही भीती त्यामागे होती. आपल्या नद्यांत मात्र मरळ घरचीच आहे.

दुष्काळ सोसणारी ही मरळ माणसापुढे मात्र हतबल आहे. वाळूउपशाने डोह मोडतात, सांडपाण्याने पाणी नासते, बारीक आसाच्या जाळ्यात पिलेही जातात. सर्वांत घातक सवय म्हणजे पिलांचा घोळका हेरून राखणीच्या मरळीला गळाला लावणे. त्या एका मरळीबरोबर शेकडो पिलांची राखण जाते.

म्हणून नदीकाठच्या मंडळींना एवढेच सांगणे आहे. पावसाळ्यात तांबूस पिलांचा घोळका दिसला, तर त्या जागी गळ टाकू नका, जाळे लावू नका. गावाजवळचा एखादा डोह वाळूउपशापासून राखा. पिले मोठी होऊ दिलीत, तर पुढच्या हंगामात मरळ तुमच्याच पदरात पडेल.