आफ्रिकेच्या खेड्यांतून नारूची पीछेहाट



नारू हा शब्द आज शाळेत जाणाऱ्या मुलांना ठाऊक नसेल. परंतु गावातील वडीलधाऱ्या मंडळींना तो चांगला परिचित आहे. पायावर फोड यावा, तो फुटावा आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी हळूहळू बाहेर पडावा, हे दृश्य एके काळी महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत पाहावयास मिळत असे. भारतातील हा अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. आफ्रिका खंडातील खेड्यांमध्ये मात्र हा लढा पुढे चालूच राहिला आणि अद्यापही तो पूर्णपणे संपलेला नाही. त्या लढ्याचा इतिहास ग्रामीण आरोग्याचे काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

१९८६ च्या सुमारास आफ्रिका व आशियातील वीसएक देशांत मिळून दरवर्षी अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२४ या संपूर्ण वर्षात जगभरात केवळ १५ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ९ चाडमधील आणि ६ दक्षिण सुदानमधील होते. या रोगावर लस नाही; तो बरा करणारे औषधही नाही. एकदा रोग होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, अशी प्रतिकारशक्तीही शरीरात निर्माण होत नाही. देवीच्या रोगाचे उच्चाटन लसीच्या बळावर झाले आणि त्याचा निसर्गतः उद्भवलेला अखेरचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये आफ्रिकेतील सोमालियात आढळला. नारूच्या बाबतीत तसे कोणतेही शस्त्र हाती नव्हते. मग ३५ लाखांवरून १५ पर्यंतचा हा प्रवास घडला कसा?

रोगाचे चक्र

याचे उत्तर रोगाच्या जीवनचक्रात सापडते. तळी, डबकी आणि पायऱ्यांच्या विहिरी यांतील साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे अतिसूक्ष्म जलचर असतात. नारूच्या अळ्या पोटात असलेले सायक्लॉप्स पिण्याच्या पाण्यातून माणसाच्या जठरात गेले की मरतात आणि अळ्या मोकळ्या होऊन शरीरात शिरतात. पुढे सुमारे वर्षभर कोणतेही लक्षण दिसत नाही. त्या अवधीत मादी कृमी जवळजवळ एक मीटरपर्यंत वाढते आणि बहुधा गुडघ्याखालच्या भागातून बाहेर येऊ लागते. त्या जागी असह्य आग होते. ती शमविण्यासाठी रुग्ण पाय पाण्यात बुडवितो आणि त्याच क्षणी मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स त्या अळ्या गिळतात, सुमारे दोन आठवड्यांत अळ्या रोगकारक बनतात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

हा कृमी ओढून एकदम काढता येत नाही. तो तुटला तर जखम चिघळते. म्हणून काडीवर गुंडाळीत रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागतो. यास कित्येक आठवडे लागतात आणि तेवढा काळ रुग्णास धड चालता येत नाही.

या रोगाने माणूस सहसा मरत नाही. त्यामुळे बराच काळ शासनांचे त्याकडे दुर्लक्ष झाले. परंतु शेतकऱ्याला तो नेमका पेरणीच्या किंवा कापणीच्या वेळी अंथरुणास खिळवितो. मालीमध्ये लोक त्याला 'रिकाम्या कणगीचा रोग' म्हणतात. कुटुंबातील कर्ता पुरुष किंवा घरची बाई महिना-दीड महिना शेतात जाऊ शकली नाही, तर त्या वर्षी कणगी रिकामीच राहणार, हा साधा हिशेब त्या नावात आहे. आग्नेय नायजेरियातील भातशेतीच्या भागाची १९८७ मध्ये पाहणी झाली, तेव्हा तेथील शेतकऱ्यांचे वार्षिक नुकसान सुमारे दोन कोटी डॉलर असल्याचा अंदाज निघाला. आईबाप आजारी पडले की मुलांना शेतात राबावे लागे आणि शाळा ओस पडत. आरोग्य, शेती आणि शिक्षण या तिन्ही खात्यांचे काम हा एकच कृमी बिघडवीत होता.

घानाचा अनुभव

१९८१ ते १९९० हे आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशक म्हणून पाळण्यात आले. या दशकाच्या निमित्ताने नारूनिर्मूलनाचा विचार पुढे आला आणि १९८६ पासून अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्थापन केलेल्या कार्टर सेंटरने जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि त्या त्या देशांच्या शासनांसह हे कार्य हाती घेतले. पश्चिम आफ्रिकेतील घाना हा त्या वेळी अतिशय पीडित असा देश होता. तेथे १९८९ मध्ये गावोगाव शोध घेतला असता सुमारे १ लाख ८० हजार रुग्ण आढळले. नायजेरियात ही संख्या साडेसहा लाखांवर गेली. तोपर्यंतच्या सरकारी नोंदींत यांचा फारच लहान अंश येत असे, कारण नारूचा रुग्ण दवाखान्यापर्यंत चालत जाऊच शकत नव्हता. जो चालू शकत नाही त्याची मोजदाद त्याच्या दारात जाऊनच करावी लागते, हा या मोहिमेचा पहिला धडा ठरला.

गावातीलच एक स्वयंसेवक निवडण्यात आला. त्याने घरोघर जावे, कोणाच्या अंगातून कृमी बाहेर येत आहे हे पाहावे, त्याची नोंद ठेवावी आणि ती दर महिन्याला वर पाठवावी, अशी व्यवस्था झाली. पाणी गाळण्यासाठी बारीक विणीचे कापड देण्यात आले. शेतात, शिकारीला किंवा प्रवासास जाणाऱ्यांसाठी तोंडाजवळ जाळी बसविलेली नळी तयार करण्यात आली. ती गळ्यात अडकवून माणूस वाटेतल्या पाण्याला तोंड लावू शकत असे. दूषित तळ्यांत टेमेफॉस हे औषध अगदी अल्प प्रमाणात टाकून सायक्लॉप्सचा नाश करण्यात येऊ लागला.

साधने साधी होती. ती लोकांच्या गळी उतरविणे मात्र सोपे नव्हते. अनेक गावांत नारू हा रक्तातूनच येतो किंवा कोणाच्या तरी करणीमुळे होतो, अशी समजूत होती. काही तळी पूर्वजांची व पवित्र मानली जात. बाहेरून आलेल्या माणसाने त्यांत औषध टाकणे वडीलधाऱ्यांना रुचत नसे. अशा ठिकाणी आज्ञा करून काही साधले नाही. आरोग्यसेवकांनी काचेच्या भांड्यात त्याच तळ्याचे पाणी घेतले, भिंग हाती दिले आणि त्यात वळवळणारे जीव ग्रामस्थांना त्यांच्याच डोळ्यांनी पाहू दिले. तेच पाणी कापडातून गाळले की ते जीव दिसेनासे होतात, हेही दाखविले. पाणी भरण्याचे काम स्त्रियांचे असल्यामुळे स्त्री-स्वयंसेवकांचे साहाय्य घेतल्यावर कामास वेग आला. गावप्रमुखाने संमती दिली की तळ्याची राखण गावच करू लागे आणि पायावर फोड असलेल्या माणसाला पाण्यात उतरू देत नसे.

रुग्णाला पाण्यापासून दूर

प्रारंभी सर्व भर गाळण्यावर होता. रुग्णसंख्या उतरू लागली तेव्हा त्यास दुसऱ्या पद्धतीची जोड देण्यात आली. कृमी बाहेर येण्यापूर्वी किंवा आल्यापासून २४ तासांच्या आत रुग्णाचा शोध लागावा, जखम धुऊन पट्टी बांधावी आणि कृमी पूर्ण निघेपर्यंत त्याने कोणत्याही जलाशयात पाऊल टाकू नये, असा नियम ठरला. तो पाण्यात उतरला असल्याची शंका आली तर त्या जलाशयात टेमेफॉस टाकावे, हेही ठरले. काही ठिकाणी रुग्णांना राहण्याजेवण्याची सोय असलेल्या केंद्रांत ठेवण्यात आले. ज्याचे हातावर पोट आहे त्याने काम टाकून स्वस्थ बसावे, असे नुसते सांगून भागत नाही. त्याच्या अन्नाची तरतूदही करावी लागते.

घानाची वाटचाल सरळ झाली नाही. १९९४ मध्ये देशाच्या उत्तर भागात जमातींमध्ये संघर्ष उसळला. गावे विस्थापित झाली, देखरेख खंडित झाली आणि रोग पुन्हा उफाळला. २००७ मध्ये उत्तरेतील सावेलुगू गावाचा पाणीपुरवठा बंद पडला. लोक पुन्हा उघड्या जलाशयांकडे वळले आणि रुग्णांची संख्या एकाएकी वाढली. बंद पडलेला एक पाणीपुरवठा अनेक वर्षांच्या श्रमांवर पाणी फिरवू शकतो, हे त्या वर्षी सर्वांना कळून चुकले. यानंतर मोहिमेने पुन्हा उचल घेतली. मे २०१० नंतर तेथे नवा रुग्ण आढळला नाही आणि २०१५ मध्ये घानाला रोगमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. नायजेरियात माजी राष्ट्रप्रमुख याकुबू गोवोन स्वतः या कार्यात उतरले. तो देश २०१३ मध्ये नारूमुक्त म्हणून घोषित झाला.

अखेरचा टप्पा

सुदानमध्ये यादवी युद्ध चालू असताना १९९५ मध्ये कार्टर यांच्या मध्यस्थीने आरोग्यसेवकांना गावांपर्यंत पोहोचता यावे म्हणून शस्त्रसंधी झाली. ती जवळजवळ सहा महिने टिकली. तरीही दक्षिणेकडील भागातील खरे काम २००५ च्या शांतता करारानंतरच मार्गी लागले. २००६ मध्ये तेथे वीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. पुढे स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानमध्ये २०१७ साली एकही रुग्ण आढळला नाही. परंतु लगेच २०१८ मध्ये १० रुग्ण सापडले. गुरे घेऊन सतत फिरणाऱ्या पशुपालकांच्या तळांवर देखरेख ठेवणे किती दुष्कर आहे, याची यावरून कल्पना येते.

चाडमध्ये याहूनही निराळे संकट उभे राहिले. दहा वर्षे एकही नोंद नसताना २०१० मध्ये तेथे रुग्ण आढळले आणि २०१२ मध्ये कुत्र्यांच्या अंगातूनही तोच कृमी निघत असल्याचे लक्षात आले. नदीकाठच्या गावांत मासे साफ केल्यावर टाकून दिलेली आतडी कुत्री खातात आणि त्यातून त्यांना लागण होत असावी, असे तज्ज्ञांचे मत झाले. २०१९ मध्ये चाडमधील १,९०० हून अधिक कुत्र्यांत हा रोग आढळला. आता तेथील ग्रामस्थ माशांची आतडी जमिनीत पुरतात, मासे नीट शिजवून खातात, लागण झालेली कुत्री बांधून ठेवतात आणि त्याबद्दल त्यांना बक्षीसही दिले जाते. यामुळे चाडमधील प्राण्यांतील प्रादुर्भाव बराच खाली आला आहे. तरीही २०२४ मध्ये सर्व देशांत मिळून सहाशेहून अधिक प्राण्यांत तो आढळलाच. १९९५ अखेर नारू संपवावयाचा, असा संकल्प १९९१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत झाला होता. ती मुदत कधीच उलटून गेली असून आता २०३० हे वर्ष ठरविण्यात आले आहे.

या अनुभवाचा अर्थ

भारतातील कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा सात राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण होते. महाराष्ट्र हे त्या सात राज्यांपैकी एक होते. येथेही पायऱ्यांच्या विहिरींत उतरण्याचा मार्ग बंद करून रहाटाने पाणी काढण्याची सोय करणे, पाणी गाळणे, टेमेफॉसचा वापर आणि घरोघर शोध याच उपायांनी यश आले. आफ्रिकेतील गावांचा आणि आपल्या गावांचा हा अनुभव एकाच जातीचा आहे. येथे युद्ध नव्हते आणि कुत्र्यांमधील प्रादुर्भावाचे संकटही उभे राहिले नाही. त्यामुळे हा पल्ला लवकर गाठता आला, इतकाच काय तो फरक.

शासन निधी, औषध आणि तांत्रिक मार्गदर्शन देऊ शकते. परंतु कोणाचा पाय सुजला आहे, कोण आज तळ्यावर गेला, कोणत्या वस्तीवरचा हातपंप आठवडाभर बंद आहे, हे फक्त गावालाच ठाऊक असते. घानातील स्वयंसेवकाची मासिक नोंदवही अखेरीस टेमेफॉसइतकीच मोलाची ठरली. पंचायतीने बंद पडलेल्या पंपाची तक्रार त्याच दिवशी पुढे पाठविणे, शिक्षकाने सतत गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन कारण विचारणे आणि अधिकाऱ्याने 'निरंक' असा अहवाल आला तरी तो पडताळून पाहणे, या गोष्टी वरवर क्षुल्लक वाटतात. सावेलुगूला २००७ मध्ये आणि दक्षिण सुदानला २०१८ मध्ये त्यांचे मोल कळले.

रुग्ण हजारांनी असतात तेव्हा सर्वांचे लक्ष त्याकडे असते. ते दहा-पंधरावर येतात तेव्हा निधी देणाऱ्याचा उत्साह ओसरतो, वृत्तपत्रे मौन धरतात आणि कार्यकर्ता थकतो. चाडमधील नदीकाठच्या एखाद्या गावात आजही कोणी स्वयंसेवक सकाळी घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारीत असेल आणि बहुतेक दिवशी त्याला 'काही नाही' असेच उत्तर मिळत असेल. तरीही त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा जावयाचे असते. नारूचा समूळ नाश झालाच, तर त्याचे श्रेय प्रथम या माणसांना द्यावे लागेल.