कॅमेऱ्यामागच्या बायका

(महिला दिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संक्षेप करून)



सिनेमातल्या आणि मालिकांमधल्या स्त्रीच्या प्रतिमेवर आपण पुष्कळ बोललो आहोत. रडणारी सून, कारस्थानी सासू, दागिन्यांनी मढलेली जाऊ या सगळ्यांचा आपण समाचार घेतलेला आहे. तो घ्यायलाच हवा. पण त्या सुनेचा अंबाडा कोण घालतं, तिच्या साडीच्या निऱ्या कोण बसवतं, आणि ते काम करणारी बाई रात्री घरी कशी पोचते, हे आपण फारसं विचारलेलं नाही. आज मी त्याबद्दल बोलणार आहे.

सुरुवात फार मागून करते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही म्हणून ती अण्णा साळुंके यांनी केली, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्यावरून आपण म्हणतो, पहिल्या चित्रपटात बाईच नव्हती. पण बाई होती. सरस्वतीबाई फाळके होत्या. कोऱ्या फिल्मला भोकं पाडणं, फिल्म धुणं ही कामं त्या शिकल्या आणि त्यांनी ती केली. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. पैसा उभा करताना त्यांचे दागिनेही गेले. आज आपण त्याला तांत्रिक काम म्हणू. तेव्हा ते नवऱ्याला केलेली मदत म्हणून खपलं. कॅमेऱ्यामागच्या बाईच्या कामाला काम न म्हणण्याची पद्धत इतकी जुनी आहे.

आता आजचा दिवस पाहा. नालासोपाऱ्याला राहणाऱ्या एक हेअरड्रेसर माझ्या ओळखीच्या आहेत. नाव सांगत नाही. शिफ्ट सकाळी सातची. कलाकार तयार हवा म्हणून यांनी त्याआधी हजर व्हायचं, म्हणजे पहाटे चारला उठायचं, डबा करायचा आणि लोकल पकडायची. शिफ्ट बारा तासांची म्हणतात, पण उद्याचा एपिसोड हातात नसला की ती लांबते. प्रत्येक शॉटच्या आधी केस मागच्या शॉटसारखेच दिसले पाहिजेत, म्हणून सेटवरून हलायचं नाही. बसायला खुर्ची असतेच असं नाही. पॅक-अप झाल्यावर कलाकार गाडीने जातात. या विगच्या पेट्या आवरतात आणि स्टेशनला कसं जायचं ते बघतात. आणि या कामाचे पैसे? टीव्हीच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत पडून गेली आहे. आज घाम गाळायचा आणि मोबदला तीन महिन्यांनी. घरभाडं आणि मुलांची फी मात्र तीन महिने थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, कामगार संघटना आहेत ना? आहेत. चित्रपट धंद्यात कामाच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळ्या संघटना आहेत, आणि त्यांनी कामगारांसाठी लढेही दिले आहेत. पण त्यांचा एक इतिहास आपल्याला माहीत असायला हवा. मुंबईतल्या मेकअप आणि केशभूषेच्या संघटनेत अनेक दशकं बाईला मेकअप आर्टिस्ट म्हणून कार्ड मिळत नव्हतं. बाईने फक्त केस करायचे, चेहरा रंगवायचा तो पुरुषाने. बायका आल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल, असं सांगितलं जाई. मेकअपचं रीतसर शिक्षण घेतलेल्या चारू खुराना यांनाही हे कार्ड नाकारलं गेलं, वर कार्डाशिवाय काम केलं म्हणून दंड मागितला. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने तो नियम घटनाविरोधी ठरवला. तारीख लक्षात घ्या. देशाला घटना मिळून चौसष्ट वर्षं झाल्यावर बाईला दुसऱ्याच्या गालाला रंग लावण्याचा हक्क मिळाला! यातला पैशाचा मुद्दाही विसरू नका. दार बंद असलं की त्यामागचं मोठं काम आणि मोठी मजुरीही बंद होते.

दुसरा प्रश्न संडासाचा. हसू नका. केरळमध्ये २०१७ साली चित्रपटांतल्या स्त्रियांनी स्वतःची संघटना उभी केली आणि त्यांच्या रेट्यामुळे सरकारला न्यायमूर्ती हेमा समिती नेमावी लागली. समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. वर्तमानपत्रांनी लैंगिक छळाचा भाग छापला, तो महत्त्वाचा होताच. पण त्याच अहवालात संडास आणि कपडे बदलायची जागा नसल्याचंही लिहिलं आहे. लघवीला जावं लागू नये म्हणून बायका तासन्‌तास पाणी पीत नाहीत आणि त्यातून आजार जडतात. आपल्याकडच्या बायकांनीही मला हेच सांगितलं. व्हॅनिटी व्हॅन दारात उभी असते, पण ती कुणासाठी हे ठरलेलं असतं.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. त्या हेअरड्रेसरताईंना निर्मितीच्या व्यवस्थेतला एक माणूस त्रास देत होता. रात्रीच्या गाडीत मुद्दाम शेजारी बसायचं, अंगचटीला यायचं. त्या माझ्याकडे आल्या. मी कायदा शिकलेली, उत्साहाने अर्ज लिहून दिला. निर्मिती संस्थेने सांगितलं, ही आमची नोकरदार नाही, कंत्राटावर आहे. समिती कुठे आहे, याचं उत्तर कुणीच दिलं नाही. आठव्या दिवशी त्यांना फोन आला, उद्यापासून येऊ नका.

मी पुढे लढायचं म्हणत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, अर्ज बरोबर होता. पण माझी तीन महिन्यांची कमाई त्यांच्याकडे अडकली आहे, हे तुम्ही विचारलंच नाही.”

खरंच विचारलं नव्हतं. मी छळ आणि मजुरी हे दोन वेगळे प्रश्न समजत होते. त्यांच्यासाठी तो एकच प्रश्न होता. पैसे थकवलेल्या माणसाविरुद्ध तक्रार करणं म्हणजे स्वतःच्या पैशांवर पाणी सोडणं. त्यांनी तक्रार सोडली. पैसे मिळाले, तेही तुकड्यातुकड्याने.

त्यानंतर मी काही गोष्टी ठरवल्या, त्या तुमच्याही उपयोगी पडतील. पहिली, बाई तक्रार घेऊन आली की आधी येणं किती आहे ते विचारायचं आणि कामाच्या तारखा, शिफ्ट, फोनवरचे निरोप यांची वही करायची. दुसरी, २०१३ चा कायदा पाठ असू द्यायचा. त्यात रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली बाईही येते, आणि मालकाने दिलेली गाडीही कामाचं ठिकाण ठरते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तक्रार मालकाविरुद्धच असेल, किंवा दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत साधारण तीन महिन्यांची, कारण पटलं तर आणखी तीन. नव्वद दिवसांनी मिळणाऱ्या पैशांची वाट बघत बसलं तर पहिली मुदत तिथेच संपते, हे ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट, लेखी करार. १९८१ च्या सिने कामगार कायद्यात करार सक्तीचा होता, पण तो कायदा कथापटांपुरता; मालिकांच्या बायका बाहेरच राहिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत मालिकांसारख्या कार्यक्रमांचे कामगारही आले आहेत. कागदावर आले आहेत, एवढंच आज म्हणता येईल. या संहितांबद्दल कामगार चळवळीचे आक्षेप आहेत, आणि ते आपलेही आहेत. तरी जे कलम हाताशी आहे ते वापरलं पाहिजे.

आणि चौथी, एकटीला पुढे करायचं नाही. मागच्या वर्षी एका सेटवर हेअरड्रेसर, कपडेपटातल्या दोघी आणि दोन साहाय्यक दिग्दर्शिका अशा पाचजणींनी मिळून फक्त एवढंच मागितलं, की रात्री नऊनंतर पॅक-अप झालं तर स्टेशनपर्यंत गाडी हवी आणि त्या गाडीत किमान दोघी बायका असाव्यात. साहाय्यक दिग्दर्शिका शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या. हेअरड्रेसरशी त्यांचं एरवी कामापुरतंच बोलणं. पण रात्रीची भीती दोघींची सारखीच होती. मागणी मान्य झाली. संडासाच्या किल्लीचं भांडण अजून चालू आहे.

मी फार मोठ्या विजयाची गोष्ट सांगत नाही. आपण मालिका बघतो, शिव्या देतो, पुन्हा बघतो. यापुढे शेवटची नावं पळायला लागली की एकदा वाचायचा प्रयत्न करा. ती इतकी वेगात पळतात की वाचता येत नाहीत. त्यात त्या नालासोपाऱ्याच्या ताईंचं नाव आहे की नाही, हे त्यांनाही माहीत नाही. त्या वेळी त्या लोकलमध्ये असतात.