मशीन मिळालं, कडी कधी?

महापालिकांनी अंदाजपत्रकातली ५ टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावी, असा महाराष्ट्र शासनाचा आदेश आहे. हे पैसे जातात कुठे? पुष्कळदा शिलाई मशीन, घरघंटी, मसाला कांडप यंत्र यांच्या वाटपात. मशीनला मी नावं ठेवत नाही. त्यावर घर चालवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण आमच्या वस्तीत मशीन मिळाल्यावर एकीने विचारलं, "ताई, दहा बाय दहाच्या खोलीत हे ठेवू कुठं? आणि संडासाला कडी कधी बसणार?"

मशीनची निविदा एकदाच निघते, समारंभ होतो, फोटो छापून येतो. (पुढाऱ्याचा फोटो मशीनपेक्षा मोठा!) संडासाला मात्र सफाई कामगाराचा पगार, पाणी, दिवा असा दरमहा खर्च. त्याचा समारंभ कोण करणार? मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेत बायकांनी साधाच प्रश्न विचारला होता: पुरुषांना मुतारी फुकट, मग आम्हालाच पैसे का?

अंदाजपत्रक हातात घ्याल तेव्हा पुढच्या वर्षीच्या तरतुदीवर थांबू नका. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, तो रकाना बघा. बाकीचं माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये.

वस्तीतल्या संडासाच्या दुरुस्तीवर दोन वर्षांत किती खर्च दाखवला आहे, असा पहिला अर्ज आम्ही केला आहे. त्यावर पहिली सही त्या कडीवालीची आहे.