शिक्षा कोणी सुनवावी?



अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १९९८ साली कायदा करून हिंसक गुन्ह्यांना ठराविक मुदतीचा कारावास आणि सुटकेनंतर काही वर्षांची सक्तीची देखरेख लागू केली. अनेक न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना या देखरेखीचा उच्चारच केला नाही. तुरुंगखात्याने मग ती परस्पर कागदावर चढविली. तिच्या अटी मोडल्या म्हणून माणसे पुन्हा गजांआड गेली.

कायद्यातच देखरेख सक्तीची असताना एवढा गहजब कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २००६ साली संघीय अपील न्यायालयाने दिले : न्यायाधीशाने सुनावली तीच शिक्षा. राहिलेली चूक सुधारण्याचा अधिकारही न्यायाधीशाचाच, असे २००८ साली राज्यातील सर्वांत वरच्या न्यायालयाने ठरविले. २०१० साली त्याच न्यायालयाने मर्यादाही घातली : कारावास भोगून बाहेर पडलेल्यावर मागाहून ही देखरेख लादता येणार नाही.

तुरुंगात जाणारा बहुधा गरीबच असतो. कारकुनाच्या लेखणीला शिक्षा वाढविण्याची मुभा मिळाली, तर पहिला बळी त्याचाच. शासनाने आपली चूक जरूर सुधारावी. पण ती उघड न्यायालयात, वेळेत आणि कैद्याचे म्हणणे ऐकून घेऊनच.