नाटककारांची उचल

शेक्सपिअर हा आपल्याला परका कधी वाटलाच नाही. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिलं, देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’ला ‘झुंझारराव’ केलं, आणि १९७० साली ‘नटसम्राट’ आलं तेव्हा ‘किंग लिअर’ न वाचलेल्यांनाही लिअरचं दुःख कळलं. पण शेक्सपिअरबरोबर त्याच लंडनमध्ये लिहिणारे आणखी नाटककार सांगा म्हटलं, तर इंग्रजीचा पदवीधरही मार्लो आणि बेन जॉन्सन या दोन नावांवर थांबतो. मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं. वर्गात आम्ही ‘डॉक्टर फॉस्टस’ शिकवायचो, तेही शेक्सपिअरच्या दाराशी नेणारी पायरी म्हणून. त्या पायरीवर किती माणसं बसली होती, हे मला कुठल्याही नाटकापेक्षा एका जमाखर्चाच्या वहीनं अधिक दाखवलं. आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

वही फिलिप हेन्स्लो नावाच्या माणसाची. हा गृहस्थ साहित्यिक वगैरे नव्हे. कापड रंगवणं, खळ तयार करणं, वस्तू गहाण ठेवून कर्ज देणं, अस्वलांच्या झुंजी लावणं असे त्याचे नाना धंदे. त्यातच १५८७ साली टेम्स नदीच्या दक्षिण काठावर त्यानं ‘रोझ’ नावाचं नाट्यगृह बांधलं. वहीसुद्धा नवी घेतली नाही. भावानं जंगलातल्या व्यवसायाचे हिशेब लिहून अर्धवट सोडलेली वही त्यानं उलटी केली आणि १५९२ पासून तीत नाटकांचा हिशेब मांडायला सुरुवात केली. कुठल्या दिवशी कुठलं नाटक झालं, गल्ल्यातला आपला वाटा किती, कुणाला काय दिलं. स्पेलिंग तर असं, की आमच्या अकरावीच्या मुलांनाही धीर यावा!

तिथं रोज वेगळं नाटक लागे. आज झालेलं नाटक उद्या सहसा नाही. दोन-तीन आठवड्यांनी नवं नाटक हवंच. एवढी नाटकं आणायची कुठून? एकट्यादुकट्याच्या प्रतिभेनं हे भागणारं नव्हतं. म्हणून दोघे, तिघे, चौघे मिळून लिहीत. कथानक ठरलं की अंक वाटून घ्यायचे आणि हेन्स्लोकडून थोडे पैसे आधी घ्यायचे. आपल्याकडे तमाशाच्या फडात किंवा ऊसतोडीत जिला उचल म्हणतात, तीच ही. हेन्स्लोनं या लेखकांना ज्या नाटकांचे पैसे दिले, त्यांतली निम्मी तरी अशी भागीदारीत लिहिलेली आहेत.

भाव काय होता? एका नाटकाला साधारण सहा पौंड, आणि तेही जितके लेखक तितक्या वाटण्या होऊन. १६०३ साली टॉमस हेवुडला ‘अ वुमन किल्ड विथ काइंडनेस’ या फार चांगल्या नाटकाचे सहा पौंड मिळाले. त्याच नाटकातल्या बाईसाठी काळ्या मखमलीचा झगा घेतला, त्याला पडले सहा पौंड तेरा शिलिंग. झगा नाटकापेक्षा महाग! यावरून हेन्स्लोला पिळवणूक करणारा सावकार ठरवणारे पुष्कळ आहेत. मला ते पुरतं पटत नाही. झगा पुढे दहा नाटकांत वापरता येतो, हा त्याचा हिशेब होता. आणि १५९८ साली टॉमस डेकर कर्जापायी तुरुंगात पडला, तेव्हा त्याला सोडवायला चाळीस शिलिंग याच वहीतून गेले.

त्याच वर्षी बेन जॉन्सननं हेन्स्लोच्या मंडळीतल्या गॅब्रिएल स्पेन्सर या नटाला द्वंद्वात ठार केलं. हेन्स्लोनं आपल्या जावयाला, एडवर्ड अ‍ॅलन या नामांकित नटाला, ही बातमी पत्रानं कळवली. त्यात जॉन्सनचा उल्लेख नाटककार म्हणून नाही, गवंडी म्हणून आहे. जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी होता, खरं. पण जॉन्सनला ते जन्मभर झोंबत राहिलं. लॅटिन वाचता येत असल्यानं तो फाशीतून सुटला, अंगठ्यावर डाग घेऊन. १६१६ साली यानंच आपली नाटकं जाड ग्रंथात ‘वर्क्स’ म्हणून छापली, तेव्हा लोक हसले होते. नाटक हे काही ‘साहित्य’ नव्हतं ना!

म्हणूनच लेखकाचं नाव ही त्या काळी किरकोळ बाब होती. ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’ हे केवढं गाजलेलं नाटक. पण छापील प्रतीवर कर्त्याचं नाव नाही. ते टॉमस किडचं, हे आपल्याला माहीत आहे ते हेवुडनं १६१२ साली एका पुस्तकात जाता जाता त्याचा उल्लेख केला म्हणून. तेवढं एक वाक्य नसतं, तर?

आणि ‘सर जॉन ओल्डकासल’ची हकिगत तर ऐकण्यासारखी आहे. शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफचं मूळ नाव ओल्डकासल होतं. ऐतिहासिक ओल्डकासल हा प्रॉटेस्टंटांच्या दृष्टीनं हुतात्मा, तेव्हा त्याला पोटभरू विदूषक केलेलं अनेकांना खपलं नाही. या चित्राला उत्तर म्हणून प्रतिस्पर्धी मंडळीनं १५९९ साली खऱ्या ओल्डकासलची बाजू मांडणारं नाटक आणलं. १६०० साली ते निनावी छापलं गेलं. पुढे १६१९ साली पुन्हा छापताना एका प्रकाशकानं मुखपृष्ठावर चक्क शेक्सपिअरचं नाव घातलं, आणि वर जुनंच साल टाकलं. ज्याला उत्तर द्यायला नाटक लिहिलं, त्याच्याच नावावर ते चढलं! १६६४ साली ते शेक्सपिअरच्या नाट्यसंग्रहातही शिरलं. खरे लेखक कोण, हे कळलं हेन्स्लोच्या वहीवरून. ऑक्टोबर १५९९ मध्ये मंडे, ड्रेटन, विल्सन आणि हॅथवे या चौघांना या नाटकाचे, आणि पुढच्या भागाची उचल धरून, दहा पौंड दिल्याची नोंद तिथं आहे. पहिला प्रयोग झाला तेव्हा वर दहा शिलिंग बक्षीस. चौघांत दहा शिलिंग! पण त्या नोंदीनं त्यांचं नाटक त्यांना परत मिळवून दिलं.

खुद्द शेक्सपिअरचं नाव वहीत कुठंही नाही. १५९२ साली ‘हेन्री द सिक्स्थ’ नावाचं नाटक ‘रोझ’मध्ये खूप चाललं, एवढं दिसतं. याच नावाच्या तिन्ही भागांवर २०१६ साली ऑक्सफर्डच्या नव्या आवृत्तीनं शेक्सपिअरबरोबर मार्लोचंही नाव घातलं. त्यावर वाद आहेत. पण भागीदारीचा संशय आला की शेक्सपिअर उणा होतो, असं मानणाऱ्यांनी ही वही एकदा पाहावी. भागीदारी ही त्या धंद्याची रीतच होती.

वहीत अडीचशेहून अधिक नाटकांची नावं आहेत. त्यांतली आज हाताशी उरली फार थोडी. हेन्री चेटलचं नाव पानोपानी येतं, बहुधा उचल मागताना. पण त्यानं एकट्यानं लिहिलेलं एकच नाटक आज उरलं आहे.

अशा वेळी वहीतली एकेक ओळ मोलाची. अ‍ॅलननं १६१९ साली स्थापलेल्या डलिच कॉलेजात ती पडून होती. एडमंड मलोन या अभ्यासकानं ती १७९० च्या सुमारास उजेडात आणली. नंतर जॉन पेन कॉलिअर यांनी १८४५ साली ती संपादून छापली. कॉलिअर मोठे व्यासंगी, या नाटककारांवर जीव टाकणारे. आणि यांनीच वहीत खोट्या नोंदी लिहिल्या! जॉन्सन आणि नॅश यांच्या १५९७ साली बंदी आलेल्या, नंतर हरवलेल्या ‘आइल ऑफ डॉग्ज’ नाटकाविषयी कुठंच पुरेशी माहिती नव्हती. कॉलिअरनी ती जुन्या वळणात स्वतःच लिहून टाकली. सरकारी दफ्तरात खाडाखोड करणारा तलाठी निदान जमिनीसाठी करतो. यांनी प्रेमापोटी केली, आणि माझ्या मते ते अधिक वाईट. कारण त्यानंतर खऱ्या नोंदीकडेही संशयानं पाहावं लागलं. विसाव्या शतकाच्या आरंभी डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी अक्षर अन् अक्षर तपासून खरंखोटं वेगळं केलं, तेव्हा कुठं पाय ठेवायला जमीन मिळाली.

सह्यांचे शौकीनही मागे नव्हते. लेखकांच्या सह्या त्यांनी पानांतून कापून नेल्या. काही कपटे पुढे निरनिराळ्या ग्रंथालयांत सापडले. आता वहीची छायाचित्रं इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात.

अक्षर लागणं कठीण आहे, हे आधीच सांगतो. त्यापेक्षा आधी डेकरचं ‘द शूमेकर्स हॉलिडे’ वाचा. लंडनच्या चांभारवाड्यातलं, खळखळून हसवणारं नाटक आहे. हेन्स्लोच्या वहीत त्याचीही नोंद आहे: जुलै १५९९, तीन पौंड.